पाणी कुठं मुरतंय ते आधी बघा: जुन्या कमानी पुलांचा निर्णय घेणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कुठल्या एका महापालिकेला किंवा एका साहेबांना नाही. शहरातून वाहणाऱ्या नदीवरचा जुना काँक्रीटचा कमानी पूल ठेवायचा की पाडायचा हे ज्यांच्या सहीनं ठरतं त्या सगळ्यांना आहे, म्हणजे पूल विभागातले इंजिनिअर, त्यांच्या वरचे अधिकारी, ऑडिट करणारे कन्सल्टंट आणि सभागृहात ठरावाला हात वर करणारे सभासद. मी बरीच वर्षं अशा पुलांखाली उतरून तपासणीचं काम केलंय. हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, भेगेच्या टोकाला खूण करून तारीख लिहायची, कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल नळीसारखे नमुने, काढून लॅबला पाठवायचे, हेच काम. आता ते करत नाही, पण पूल ओलांडताना अजून कठड्यापाशी थांबतो आणि खाली वाकून बघतो.

लिहायला बसलो कारण गोष्ट दरवेळी एकाच वळणानं जाताना बघतोय. एक दिवस पुलाच्या पोटातून काँक्रीटचा पोपडा सुटून पडतो, कुणीतरी फोटो काढतं, फोटोत गंजलेली सळई दिसते, दुसऱ्या दिवशी बॅरिकेड लागतात, आणि आठवडाभरात कुणीतरी बोलून टाकतं की पुलाला शंभर वर्षं झाली, आयुष्य संपलं. तिथून पुढं सगळ्या मीटिंगा नवा पूल किती लेनचा करायचा यावरच. मधे एक प्रश्न विचारायचा राहून जातो, पोपडा पडला का? आपण एखाद्या प्रकरणात म्हणतो ना की कुठंतरी पाणी मुरतंय, तर कमानी पुलाच्या बाबतीत हे शब्दशः खरं असतं. बहुतेक वेळा खरोखरच कुठंतरी पाणी मुरत असतं आणि ते कुठं मुरतंय हे शोधल्याशिवाय पूल पाडायचा निर्णय पण चुकतो आणि ठेवायचा पण चुकतो.

आधी कमानीबद्दल बोलतो. इंजिनिअर मंडळींना हे माहीत आहे, पण मत देणाऱ्या सगळ्यांना असेलच असं नाही. एक साखळी दोन हातात धरून मधे सैल सोडा, ती स्वतःच्या वजनानं जो आकार घेते त्यात फक्त ताण असतो, दुसरं काही नाही. तोच आकार उलटा करून कडक केला की त्यात फक्त दाब राहतो. रॉबर्ट हूकनं हे १६७५ मधे मांडलं आणि चांगली कमान अजूनही याच तत्त्वावर उभी असते. काँक्रीटला दाब फार चांगला सोसतो, ताण फार कमी सोसतो, म्हणून तर त्यात सळई घालावी लागते. पण कमानीच्या मुख्य अंगात मुळातच दाब असतो, त्यामुळे तिथल्या सळईचं काम बीममधल्या सळईइतकं जीवावरचं नसतं. स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन रेल्वे व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा लांब पूल, घ्या, २१ कमानी, १९०१ पासून वापरात, आणि त्या काँक्रीटमधे सळईच नाही. त्याच्यावरून आजही रेल्वे धावते. फिलाडेल्फियाच्या वॉलनट लेन पुलाची १९०८ मधली २३३ फुटी मुख्य कमान पण बिनसळईचीच.

याचा अर्थ असा नाही की गंजलेली सळई दिसली तरी चालतं. अर्थ एवढाच की ती कुठं दिसली याला महत्त्व आहे. वरच्या स्लॅबच्या पोटात दिसली, क्रॉस बीममधे दिसली तर काळजीचं कारण वेगळं, आणि कमानीच्या बरगडीच्या बाहेरच्या थरात दिसली तर वेगळं. फोटोत हे दोन्ही सारखंच भयंकर दिसतं. मी असे रिपोर्ट वाचलेत ज्यात पन्नास फोटो आहेत आणि एकाखालीही लिहिलेलं नाही की हा भाग पुलाचा नेमका कुठला.

कमानीचा खरा जीव तिच्या पायात असतो. कमान वजन नुसतं खाली देत नाही, ती दोन्ही काठांना बाहेरही ढकलते. रोममधे टायबर नदीवर पोंते देल रिसोर्जिमेंतो आहे, फ्रेंच बांधकामवाला एनबिक याच्या पद्धतीनं १९११ मधे बांधलेला, १०० मीटरचा स्पॅन, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, आणि कमानीची उंची फक्त १० मीटर. साधा पॅराबोलाचा हिशोब केला, म्हणजे दर मीटरचं वजन गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले आठपट उंची, तर या प्रमाणाची कमान तिच्यावरच्या एकूण वजनाच्या सव्वापट जोरानं काठाला रेटते. उंची दुप्पट असती तर हा रेटा निम्मा झाला असता. म्हणून चपट्या कमानी दिसायला हलक्या वाटतात पण पायाला फार जड पडतात, आणि पाया जरासा सरकला की माथ्यात भेग येते. एकापाठोपाठ एक कमानी असतील तर मधल्या पिअरवर, म्हणजे खांबावर, दोन्हीकडचे रेटे एकमेकांना तोलून धरतात, त्यातली एक गेली की शेजारची उघडी पडते. पाडकाम काढताना सुद्धा हे लक्षात ठेवावं लागतं, कुठली कमान आधी आणि कुठली नंतर हे चुकलं तर खालची माणसं जातात.

त्यामुळे ऑडिट म्हणजे वरून फिरून केलेली पाहणी नाही हो. डायव्हर पाण्यात गेला का, पिअरच्या बुडाशी नदीनं किती खोदलंय ते मोजलं का, मागच्या पुरानंतर परत मोजलं का, हे पहिले प्रश्न. पोपडा सगळ्यांना दिसतो, पिअरखाली नदीनं पाडलेला खड्डा कुणालाच दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी आणि इतर गाड्यांमधली माणसं गेली. तो दगडी कमानींचा पूल होता, काँक्रीटचा नव्हता, पण वाहून नेताना नदी हा फरक करत नाही. त्या रात्रीनंतर जुने पूल वाचवा असं मी कधीच नुसतं म्हणत नाही. आधी नीट बघा, आणि ज्याच्या पायाची खात्री नाही तो पूर उतरेपर्यंत बंद ठेवा, त्याबद्दल लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या तरी खा.

आता पाण्याकडे येतो, कारण सांगायचं आहे ते मुख्यतः तेच.

ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो आणि एवढ्या अल्कलीमधे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो, तो आहे तोपर्यंत सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो, याला कार्बोनेशन म्हणतात. ते किती आत गेलंय बघायला ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन नावाचं रंग बदलणारं रसायन मारायचं, चांगला भाग लगेच गडद गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग तसाच राखाडी राहतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण चकित होतो, बाहेरून काळपट पडलेल्या शंभर वर्षांच्या कोअरचा आतला भाग असा गुलाबी होतो की विश्वास बसत नाही. ढोबळमानानं ही खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे पहिल्या २५ वर्षांत १५ मिलिमीटर झाली असेल तर १०० वर्षांनी साधारण ३०, चौपट नाही. जुनं काँक्रीट जितकं म्हातारं तितकं ते रोज नव्यानं बिघडतंय ही समजूत चुकीची आहे.

पण कार्बोनेशन झालं म्हणून सळई लगेच गंजते असंही नाही, तिला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. कायम कोरड्या जागी गंज जवळपास थांबलेला असतो, कायम पाण्याखाली ऑक्सिजन नसल्यामुळे तो फार हळू चालतो, आणि जिथं ओलं-कोरडं-ओलं-कोरडं असं चालू असतं तिथं तो धावतो. थंड देशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ पाण्याबरोबर आत गेलं की आणखी वाईट. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, काँक्रीट आतून फाटतं आणि पोपडा पडतो. म्हणजे पोपडा पडलेली जागा तुम्हाला सांगत असते की इथं पाणी येतं. नकाशावर सगळ्या पोपड्यांच्या जागा मांडा आणि त्याच्यावर एक्सपान्शन जॉइंट (स्लॅबच्या मधे मुद्दाम ठेवलेल्या फटी) आणि ड्रेन पाइपच्या जागा मांडा, पुष्कळ पुलांवर हे दोन नकाशे जवळजवळ एकच निघतात.

ज्या पुलात कमानीवर उभे कॉलम आणि त्यावर स्लॅब असतो, म्हणजे बाजूनं आरपार दिसतं, त्यात पाणी जॉइंटमधून कॉलमच्या डोक्यावर येतं आणि तिथून कमानीच्या पाठीवर ओघळतं. ज्यात दोन बाजूला भिंती आणि मधे मातीमुरूम भरलेला असतो त्यात पाणी त्या भरावात साठतं. जुन्या लोकांनी त्यासाठी खाली वीप होल, म्हणजे पाणी निघून जायची भोकं, ठेवलेली असतात, ती कधीतरी कुणीतरी बुजवतो, कधी प्लास्टर करताना, कधी केबल टाकताना. मग भराव पाण्यानं फुगतो, बाजूच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात, पोटाला पांढरे ओघळ आणि चुन्याचे लोंबते सुळके दिसायला लागतात. त्याच्यावर आपण दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढवतो, जुना न खरवडता. अशा पुलावर ट्रकची वजनं कमी करायच्या नोटिसा लागलेल्या मी बघितल्यात, आणि त्याच पुलावरच्या डांबराची जाडी कुणी मोजलेली नव्हती. दर चौरस मीटरला १० सेंटीमीटर जादा डांबर म्हणजे दोनशे किलोच्या पुढं वजन, आणि ते ट्रकसारखं निघून जात नाही, चोवीस तास तिथंच बसून असतं.

एक अनुभव सांगतो, कुठला पूल ते सांगत नाही. एका कमानीवर एकाच जागी दर दोन-तीन वर्षांनी काँक्रीट सुटायचं आणि दरवेळी ते भरून घ्यायचे. माझ्याकडे आधीचे तीन रिपोर्ट होते, तिन्हीमधे त्या जागेची मापं बरोबर, फोटो उत्तम, उपाय एकच, पॉलिमर मॉर्टर. मी चौथा रिपोर्ट तसाच लिहायला घेतला होता. मग एका संध्याकाळी पावसात अडकलो आणि पुलाखालीच उभा राहिलो, आणि समोर दिसत होतं की वरच्या रस्त्याचा ड्रेन पाइप हातभर आखूड आहे, त्यातनं पडणारी धार वाऱ्यानं वळून बरोब्बर त्याच जागेवर आदळतेय. आम्ही सगळे कोरड्या हवेत तपासणी करत होतो कारण ते सोयीचं होतं, परांचीवर पाय घसरत नाही, फोटो नीट येतात. पाइप लांब केला, ती जागा शेवटची एकदा नीट दुरुस्त केली, आणि मी तिथं होतो तोपर्यंत पुन्हा तिथं हात लावावा लागला नाही. आधीच्या तीन दुरुस्त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटतं, कारण त्यातल्या एकीवर माझी सही होती.

ठिगळांबद्दल आणखी एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गंजलेल्या जागेचं काँक्रीट काढून नवं भरलं की ती जागा सुरक्षित होते, पण त्याच सळईचा शेजारचा जुन्या काँक्रीटमधला भाग आता आधीपेक्षा जोरात गंजायला लागू शकतो. दोन वेगळ्या वातावरणात एकच सळई असली की तिच्यात बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो. काही वर्षांनी ठिगळाच्या भोवती गोल कडं करून नवीन पोपडे सुटतात आणि लोक म्हणतात काम बोगस झालं. काम कदाचित बरोबर झालेलं असतं, फक्त पाणी आणि मीठ आहे तसंच ठेवून केलेलं असतं. म्हणून आधी जॉइंट, ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग, आणि मग काँक्रीट. हा क्रम उलटा केला की दुरुस्ती फुकट जाते आणि मग तीच फुकट गेलेली दुरुस्ती 'आता पूल दुरुस्त होऊच शकत नाही' याचा पुरावा म्हणून फायलीत लावली जाते.

हेरिटेजवाल्या मंडळींनाही इथंच सांगतो, कारण तुम्ही पण निर्णयात असता. नुसता सुंदर आहे म्हणून पूल उभा राहत नाही. कार्यक्रमाच्या आधी घाईघाईत मारलेला जाड रंग भेगा झाकतो आणि आतली ओल आतच कोंडतो. लाइटिंगसाठी कमानीत मारलेलं प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला नवीन दार. पुलावर प्रेम असेल तर आधी त्याच्या वीप होलची चौकशी करा.

आता वयाबद्दल. 'शंभर वर्षं झाली' हे वाक्य ऐकलं की मला दोन पूल आठवतात. इटलीतल्या जेनोआचा पोल्चेवेरा पूल १९६७ मधे खुला झाला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला कोसळला, ४३ माणसं गेली. जर्मनीत ड्रेस्डेनमधे एल्ब नदीवरचा कारोला पूल १९७१ चा, ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे त्याचा एक भाग नदीत पडला, नशिबानं तेव्हा वर कुणी नव्हतं. दोन्हींपैकी एकही कमानी पूल नाही. दोन्हीमधे आत बंद असलेल्या, ताणलेल्या स्टीलवर सगळा भार होता आणि ते स्टील आतल्या आत खराब होत गेलं, बाहेरून पुरेसं कळलं नाही. पन्नास वर्षांचा पूल पडतो आणि शंभर वर्षांचा उभा राहतो, कारण प्रश्न वयाचा नसतो, भार कोण उचलतंय आणि ते आपल्याला बघता येतं का याचा असतो. कमानीची चांगली गोष्ट ही की ती बरंच काही दाखवते. माथा बसला तर कठड्याची रेघ वाकलेली दिसते.

ही रेघ बघूनच फ्रेसिने या फ्रेंच इंजिनिअरला कळलं होतं. फ्रान्समधे अलिए नदीवर ल व्हर्द्र इथं त्यानं १९११ च्या सुमाराला तीन कमानींचा फार चपटा पूल बांधला, मधला स्पॅन ७० मीटरच्या वर. पूल झाला, लोक वापरायला लागले, आणि काही महिन्यांनी कमानींचे माथे खाली बसायला लागले. काँक्रीट सततच्या दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू आखडत जातं, ज्याला आज क्रीप म्हणतात, ते तेव्हा नीट कुणाला माहीत नव्हतं. त्यानं गाजावाजा न करता मोजकी माणसं घेऊन माथ्याशी जॅक लावले, कमानी परत उचलल्या आणि माथे काँक्रीटनं घट्ट बंद केले. पुढं प्रीस्ट्रेसिंग, म्हणजे ताणलेल्या स्टीलनं काँक्रीट आधीच दाबून ठेवायची पद्धत, विकसित करताना त्याला हाच अनुभव उपयोगी पडला. तो पूल दुसऱ्या महायुद्धात उडवला गेला पण त्याच धर्तीचा बुतिराँचा पूल फ्रान्समधल्याच विशी शहराजवळ अजून उभा आहे. मला यातलं जॅकपेक्षा दुसरंच जास्त आवडतं, पूल बांधून झाल्यावरही हा माणूस त्याच्याकडे बघत राहिला. तुमच्याकडे कमानीच्या माथ्याची दर वर्षीची लेव्हल लिहिलेली वही आहे का? उन्हाळ्यात माथा थोडा चढतो, थंडीत उतरतो, हे नॉर्मल आहे, लंडनच्या ट्विकनहॅम पुलाला तर १९३३ मधे यासाठीच प्रत्येक कमानीत तीन बिजागऱ्या ठेवल्यात. पण हे चढणं-उतरणं सोडून माथा एकाच दिशेनं सरकतोय का हे वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही. तीस वर्षं काहीच न मोजता एकतिसाव्या वर्षी दोन आठवड्यात ऑडिट करून 'धोकादायक' लिहायचं हे मला पटत नाही.

दुरुस्त होतात का असे पूल, तर होतात, आणि भर शहरात होतात. अमेरिकेत मिनिआपोलिसमधे मिसिसिपीवरचा फ्रँकलिन अव्हेन्यूचा पूल १९२३ चा, मधली कमान ४०० फूट, तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात लांब काँक्रीट कमानींपैकी एक. २०१६ मधे त्याचा डेक, म्हणजे वरचा रस्त्याचा भाग, काढून आधीच ओतून ठेवलेले स्लॅब बसवले, चार महिने पूल बंद राहिला आणि परत सुरू झाला. सुरू करताना गाड्यांची जागा कमी करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना दिली. त्याच शहरात थर्ड अव्हेन्यूचा पूल १९१८ चा, नदीच्या तळाच्या चुनखडकात जिथं भेगा होत्या ती जागा टाळायला तेव्हाच्या लोकांनी अख्खा पूल एस आकारात वळवला. विचार करा, तेव्हा त्यांना तळाचा खडक एवढा माहीत होता आणि आज आपल्याकडे पुष्कळदा पायाचं ड्रॉइंगसुद्धा सापडत नाही. तो पण २०२३ मधे मोठी दुरुस्ती होऊन खुला झाला. अमेरिकेतल्याच स्पोकेनचा मनरो स्ट्रीट पूल १९११ चा, २८१ फुटी कमान, २००३ ते २००५ मधे कमान ठेवली आणि तिच्यावरचा बराचसा भाग जुन्यासारखाच नव्यानं बांधला. या तिन्हींत साम्य दिसतं ना? कमान राहते, वरचं बदलतं. डेक, जॉइंट, कठडे हे झिजायचेच भाग आहेत, चपलेचा तळ झिजावा तसे. ते झिजले म्हणून सगळा पूल गेला असं होत नाही.

आणि जिथं वाचवता येत नाही तिथं तसं स्पष्ट म्हणावं. लॉस एंजेलिसचा सिक्स्थ स्ट्रीट व्हायाडक्ट १९३२ मधे झाला, त्याच्या काँक्रीटमधल्या खडीतली सिलिका आणि सिमेंटमधला अल्कली यांची आतल्या आत रिअॅक्शन होऊन जेल तयार व्हायला लागला, तो पाणी शोषून फुगतो आणि काँक्रीट आतूनच तडकतं. हा रोग नेमका काय आहे ते थॉमस स्टँटननं दाखवलं १९४० मधे, म्हणजे पूल झाल्यावर आठ वर्षांनी. बांधणाऱ्यांचा दोष काय म्हणायचा. तो पूल अखेर २०१६ मधे पाडायला घेतला आणि नवा २०२२ मधे खुला झाला. त्याच नदीवरचे त्याच काळातले दुसरे पूल मात्र राहिले, कारण रोग त्या पुलाच्या काँक्रीटला होता, त्या पिढीच्या सगळ्या पुलांना नव्हता. म्हणून म्हणतो, एक पूल पाडला म्हणून तोच कागद दुसऱ्याच्या फायलीला जोडू नका.

मागणी एवढीच आहे. ठराव मांडायच्या आधी एक पूर्ण पावसाळा पुलाखाली माणूस ठेवून पाणी कुठून येतं, कुठून जातं, किती वेळ ओल राहते याचा नकाशा करा. डांबर खरवडून खाली वॉटरप्रूफिंग उरलंय का ते बघा. पायाशी डायव्हर उतरवा, पुराच्या आधी आणि नंतर. कोअर नुसते ताकदीसाठी नको, कार्बोनेशन, क्लोराइड (मिठाचा अंश) आणि खडीच्या रिअॅक्शनसाठी पण तपासा, आणि फक्त खराब दिसणाऱ्या जागेतून नको, चांगल्या दिसणाऱ्या जागेतूनही काढा, नाहीतर सगळा पूलच खराब आहे असं कागदावर दिसणार. हे सगळं चालू असताना जड वाहनं बंद ठेवायची असतील तर ठेवा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आणि तो रिपोर्ट पूर्ण लोकांसमोर ठेवा, दोन पानी सारांश नको. त्यात पाडायचं कारण असेल तर मी स्वतः लोकांना समजावून सांगायला उभा राहीन, खरंच राहीन.

हे काम सुरू कुठून करायचं असं कुणी विचारलं तर, पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाखाली या. फायली नको, फक्त टॉर्च, खडू आणि गमबूट. रस्ता तोवर वाळलेला असतो, पण पुलाच्या पोटाला जिथं अजून थेंब धरलेले दिसतील तिथं खडूनं गोल करायचा आणि वर बघायचं की तिथं बरोबर काय आहे, जॉइंट आहे, पाइप आहे, का बुजलेलं वीप होल. तासाभराचं काम आहे. मला कळवलंत तर मी येईन, अजून गुडघे साथ देतायत.

आपला,
पुलांखाली बरीच वर्षं काढलेला एक इंजिनिअर